वावरात हॅम रेडिओचा सेट ऐकते छान, पीटीटी (बोलायचं बटण) दाबली की बंद पडते. बॅटरी बदलू का?

पऱ्हाटीवाला (घाटंजी, जि. यवतमाळ)
मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझं हॅम लायसन्स दोन वर्षांपूर्वीचं, व्हीयू३ (सुरुवातीच्या दर्जाचं). सेट जुना जपानी, १०० वॅटचा, यवतमाळच्या एका सरांकडून घेतलेला. घरी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर दीड वर्ष बिनतक्रार चालला. भानगड आता वावरात सुरू झाली आहे.

वावर गावापासून साडेतीन किलोमीटर. कापूस अर्धा वेचून झाला, तूर फुलावर आहे, रोही (नीलगाय) आणि डुकरांमुळे रोज जागलीला जावं लागते. त्यात शिवारातली डीपी जळाली, आज तेरावा दिवस. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की सगळ्यांच्या मोटरी एकाच टायमाला चालू होतात आणि डीपी बसते. दरवर्षीचं आहे. त्यावर इथं बोलत नाही, नाहीतर रात्र पुरणार नाही.

म्हटलं, जागून बसायचंच आहे तर सेट सोबत न्यावा. गावातल्या घरी ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झ) कायम एस७चा (सेटच्या सिग्नल मीटरवरचा आकडा) खरखराट असते. कोणाचं चार्जर, कोणाचा एलईडी बल्ब, कोणाच्या टीव्हीचा डबा. वावरात लाइनच नाही म्हटल्यावर बँड किती शांत असेल, या विचारानंच मी खूश होतो.

पहिल्या दिवशी घरची १५० एएचची ट्यूबलर बॅटरी बंडीत टाकून नेली. दोघांशिवाय उचलत नाही. नाल्याच्या उतारावर बंडी कलंडता कलंडता राहिली, पण अॅसिड सांडलं आणि माझ्या पँटची चाळणी झाली. ही बॅटरी पुन्हा उंबऱ्याबाहेर जाणार नाही असं घरून बजावण्यात आलं आहे.

मग चार्जिंग पंपाची बॅटरी काढली. तोच आपला पाठीवरचा फवारणीचा पंप, १२ व्होल्ट ८ एएच. फवारण्या संपल्या, पंप खुंटीलाच टांगलेला होता. खोपडीच्या टिनावर ४० वॅटचं एक पॅनल आहे (जुन्या झटका मशीनचं, म्हणजे कुंपणाच्या तारेत झटका सोडते ती; मशीन जळाली, पॅनल राहिलं). त्याला ऑनलाइन मागवलेला निळा चार्ज कंट्रोलर जोडला आणि दिवसभरात बॅटरी फुल केली.

आता ऐकायला झक्कास. पण पीटीटी दाबून "सीक्यू"मधला (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) "सी" म्हटला की सेट बंद. डिस्प्ले जातो, आतला रिले कटकन वाजतो, सेट पुन्हा चालू. परत बोललो की परत बंद. बॅटरीला मीटर लावला तर १२.६. म्हणजे फुल ना? मग काहून बंद पडते?

आणि तो शांत बँड? दिवसा जागोजागी घूंऽऽ असा आवाज, डायल फिरवली की थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा तोच. रात्री तो नसते, पण सेकंदाला एक "टक" सुरू होते. टक. टक. टक. घड्याळ लावल्यासारखं.

कापसाचे पैसे आले की दहा-बारा हजार घालायची तयारी आहे. मोठी बॅटरी घेऊ, मोठं पॅनल घेऊ की पेट्रोलवरचं छोटं जनरेटर? शेजारच्या वावरात योजनेतला सोलर पंप बसला आहे, ३ एचपीचा. तो म्हणते, "माह्या पॅनलवरून एक वायर ओढून घे ना." ओढू का?

अँटेना साधा डायपोल आहे, दोन्ही अंगांनी ३३-३३ फूट, मधला भाग मोहाच्या झाडावर वीसेक फुटांवर.

---

रिवाइंडिंगवाले (वणी)
मंगळवार, रात्री १०:१५

भाऊ, सगळ्यात आधी शेजाऱ्याचं. त्या पॅनलला हात लावू नका. पंपाची पॅनलं एकामागे एक सिरीजमध्ये असतात, व्होल्टेज शंभराच्या कितीतरी वर जाते. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीची ठिणगी विझत नाही, ओढत जाते. शिवाय वायर छेडलेली दिसली की हमीच्या वेळी तुमचा शेजारी अडकणार, आणि मग तो तुमचा शेजारी राहणार नाही.

आता सेटचं. मीटर कुठं लावला होता, बॅटरीवर की सेटच्या मागच्या टोकावर? पीटीटी दाबलेली असताना की सोडलेली असताना? आणि बॅटरीपासून सेटपर्यंत वायर कोणती, किती लांब?

---

पऱ्हाटीवाला
मंगळवार, रात्री १०:३२

बॅटरीवर लावला, पीटीटी सोडून. वायर १.५ची, घराच्या फिटिंगमधून उरलेली. बॅटरी खाली खोपडीत, सेट वर मचानावर, त्यामुळे ४ मीटर. मध्ये काचेच्या फ्यूजचा होल्डर आहे. तो गरम होते, हे आत्ता लिहिताना आठवलं.

---

रिवाइंडिंगवाले
मंगळवार, रात्री ११:०५

मग उत्तर तुम्हीच दिलं. मी रोज तांब्याच्या तारा मोजतो, म्हणून हा हिशेब मला पाठ आहे. १ चौरस मिलिमीटरच्या १ मीटर तांब्याचा रेझिस्टन्स साधारण ०.०१७५ ओहम. तुमची वायर जाऊन-येऊन ८ मीटर. ८ गुणिले ०.०१७५ भागिले १.५, म्हणजे ०.०९ ओहमच्या थोडं वर. आकडा चिल्लर वाटतो. पण १०० वॅटचा सेट पूर्ण बोलताना २० अँपिअर ओढतो. २० गुणिले ०.०९३ म्हणजे १.८६ व्होल्ट नुसते वायरमध्ये गेले. होल्डर आणि चिमट्यांचं नुकसान वेगळं.

दुसरी गोष्ट बॅटरीची. ८ एएच हा आकडा २० तासांच्या हिशेबाचा आहे, ०.४ अँपिअरनं २० तास. फवारणीच्या मोटरीला ती पुरते, कारण मोटर एक-दोन अँपिअरवर चालते. तिच्याकडून २० अँपिअर मागितले की ती त्याच क्षणी साडेअकराच्या आसपास खाली बसते. त्यातून वायरचे १.८६ वजा करा. सेटपाशी दहासुद्धा पोचत नाहीत.

तुमच्या सेटच्या पुस्तकात बघा, बहुतेक १३.८ व्होल्ट अधिक-उणे १५ टक्के असं लिहिलेलं असेल. म्हणजे ११.७च्या खाली त्यानं चालावं अशी अपेक्षाच धरायची नाही. सेट बिघडलेला नाही, तो उपाशी आहे.

तर मीटर सेटच्या टोकाला लावा आणि पीटीटी दाबून "आऽऽ" म्हणताना बघा. खरा आकडा तोच. बॅटरी सेटजवळ वर न्या, वायर ६ चौरसची दीड मीटर घ्या. तेवढ्यात २० अँपिअरवर पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. काचेचा फ्यूज फेकून द्या, गाडीत असतो तो पात्याचा फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात घाला, प्लस-मायनस दोन्हीला. हे काम दोन-तीनशे रुपयांत होईल. बॅटरीचा विचार त्यानंतर.

---

जुना_खांब (दर्यापूर)
बुधवार, सकाळी ६:५०

बाप्पा, जागलीत १०० वॅट कायले पायजे तुले? डुकरं भाजतं का?

रिवाइंडिंगवाल्यानं वायरचं बरोबर सांगतलं. पण मी म्हन्तो पयले पावर कमी कर. १०० चे २५ केले तं समोरच्याच्या मीटरवर फकत एक एस युनिट कमी होते. चौथा हिस्सा म्हंजे ६ डीबी, अन् एक एस युनिट बी ६ डीबीचंच. समोरचा तुले रिपोर्ट ५९ च्या जागी ५८ देईन (पयला आकडा बोलणं किती समजते त्याचा, दुसरा सिग्नल किती जोरात त्याचा), बस. अन् तुही बॅटरी तिकडं २० च्या जागी १० अँपिअर देईन. २५ वॅटले पाच अँपिअर लागतीन असं समजू नको, मोठा सेट कमी पावरवर बी बरंच खाते.

तुह्या २० फुटावरच्या डायपोलले हसणारे लय भेटतीन. हसू दे. ४० मीटरवर बुटका डायपोल सिग्नल सरळ वर फेकते अन् तो वरून छत्रीसारखा खाली पडते. दिवसा तीन-चारशे किलोमीटरचा इलाका त्यात येते. नागपूर, हैदराबाद, रायपूर, सगळं. तुले लंडनसोबत बोलाचं असन तं उंच बांध. तार बांधताना डीपीच्या अन् ११ केव्हीच्या लाइनपासून दूर राहजो. लाइन बंद हाय म्हणून बांधशीन अन् ते लोकं तेराव्या दिवशी न सांगता चालू करतीन.

आता माह्यी गोष्ट सांगतो. तुह्या वयाचा होतो तवा मी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सेट चालवत होतो. घरचीच बॅटरी, फुकटचं काम. जून महिना, एका रात्री बँड असा उघडला का पहाटपर्यंत उठलोच नाई. सकाळी बुढा पेरणीले निंगाला, चाबी फिरवली तं सेल्फ नुसता कट-कट करे. पाऊस येऊन गेलता, वाफसा आलता, अन् ट्रॅक्टर उभा. सात माणसं बोलावली धक्का माराले. सांजच्याले घरी आलो तं माह्या अँटेनाची तार बुढ्यानं वालाच्या वेलाले बांधून ठेवली होती. त्या वर्षी वाल लय झाला.

पुढं कळलं का ट्रॅक्टरची बॅटरी एका झटक्यात सेल्फ फिरवाले बनवली असते, रातभर थोडी थोडी प्याले नाई. दहा-वीस खेप तिले अशी तळापर्यंत नेली का मरते.

रातभर नुसतं ऐकाचं असन तं हा सेट ठेव घरी. ऐकताना बी तो सव्वा-दीड अँपिअर पेते. आठ तासाचे दहाच्या वर एएच झाले, एक शब्द न बोलता. मी हैदराबादच्या अशहर फरहानचा बिटेक्स (त्यानं डिझाइन केलेला छोटा सेट) बांधला हाय, ७ वॅटचा. तो ऐकताना नावापुरतं पेते. तुह्या पंपाच्या बॅटरीवर तो रातभर बसते. अन् मोर्स शिक. ७ वॅट मोर्सवर लय झाले.

---

सीडब्ल्यू_ताई (परतवाडा)
बुधवार, दुपारी १:२०

काका, वालाची गोष्ट दर वेळी नव्यानं आवडते.

दादा, मी आवाजाबद्दल लिहिते, कारण बाकीचं झालं आहे.

दिवसाचा घूंऽऽ तुमच्या निळ्या कंट्रोलरचा आहे. खात्री करायची तर सेट बॅटरीवर चालू ठेवून पॅनलची वायर कंट्रोलरमधून काढा. पॅनल आधी काढायचं आणि बॅटरी नंतर. जोडताना बॅटरी आधी, पॅनल नंतर. आवाज गेला तर चोर सापडला. या डब्यांवर एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा, भारी प्रकार) छापलेलं असतं आणि आत बहुतेक वेळा साधा, स्वस्त पीडब्ल्यूएम निघतो. दोन्ही जण करंट सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा चालू-बंद करतात, आणि पॅनलची लांब वायर त्याची अँटेना होते. म्हणून डायलवर तो ठराविक अंतरानं पुन्हा पुन्हा भेटतो.

माझा उपाय आळशी माणसाचा आहे. दिवसा चार्ज करते, बोलायला बसले की पॅनलचा स्विच बंद. दोन तासांत काही बिघडत नाही. दोन्ही एकदम हवं असेल तर पॅनलच्या दोन्ही वायरी वेणीसारख्या पिळून घ्या आणि ३१ नंबरच्या मिक्सच्या (मिक्स म्हणजे मालाचा प्रकार) मोठ्या फेराइट रिंगमधून, म्हणजे असा गोंगाट अडवणाऱ्या कड्यातून, दोन्ही मिळून आठ-दहा वेढे द्या. टीव्हीच्या केबलवर असतो तसा एक मणी चिकटवून ७ मेगाहर्ट्झवर काहीही होत नाही, ते पैसे मी घालवून बसले आहे.

रात्रीची टक-टक मात्र दुसऱ्याच कोणाची आहे. तुम्ही लिहिलंत की जुनी झटका मशीन जळाली. म्हणजे नवी आणली असणार?

---

पऱ्हाटीवाला
बुधवार, दुपारी १:४१

हो ताई, नवी आहे. चारही धुऱ्यांवरून तार गेली आहे, साडेचार एकर. डोक्यातच आलं नाही!

---

सीडब्ल्यू_ताई
बुधवार, दुपारी २:१०

तीच. झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा तारेत हजारो व्होल्टचा ठोका सोडते. पण तार धड असेल, गवताला किंवा फांदीला टेकत नसेल तर रेडिओत एवढी टक-टक येत नाही. ती येते ठिणगीमुळे. कुठंतरी इन्सुलेटर फुटला असेल, जोड नुसता गुंडाळलेला असेल किंवा ओली फांदी तारेवर पडली असेल. साडेचार एकराची तार म्हणजे ठिणगीला आयती अँटेना.

शोधायला तुमचा मोठा सेट नको. घरात जुना सेलवरचा ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्हवर नागपूर आकाशवाणीच्या ५८५च्या बाजूला, जिथं कोणी बोलत नाही तिथं लावा आणि धुऱ्या-धुऱ्यानं चाला. टक-टक जिथं सगळ्यात जोरात, तिथं थांबा, टॉर्च विझवा आणि तारेकडं बघा. अंधारात निळी ठिणगी दिसते. हात लावायच्या आधी मशीन बंद, हे सांगायला नको, तरी सांगते. उरलेली टक सेटचं एनबीचं (नॉइज ब्लँकर) बटण बरीचशी गिळेल, ते अशाच ठोक्यांसाठी असतं.

आता पैसे. मी तुमच्या जागी असते तर लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट २० एएच घेतली असती. चार सेल सिरीजमध्ये, प्रत्येकी ३.२. वजन अडीच किलोच्या आसपास, बंडी लागत नाही. खरा फायदा वजनाचा नाही. लेड-अॅसिड अर्धी संपेपर्यंत बारावर येते आणि त्याखाली न्यायची नसते. ही अर्धी संपली तरी तेराच्या आसपास टिकून राहते, आणि सेटला तेच हवं असतं. तोटाही तोच, की व्होल्टेज बघून किती उरली ते कळत नाही. एकदम कळतं, तेव्हा संपलेली असते. म्हणून एएच मोजणारा छोटा मीटर मध्ये लावा.

घेताना बीएमएस (बॅटरीच्या आतलं, सेल जपणारं सर्किट) किती अँपिअरचा आहे ते विचारा. २० एएचसोबत २०चाच देतात, आणि १०० वॅटवर तो ऐन बोलण्यात कट होतो. ३०चा मागा. कंट्रोलरमध्ये लिथियमचं सेटिंग असेल तर ते लावा, १४.६च्या वर जाता कामा नये, आणि लेड-अॅसिडसाठी असतं ते इक्वलायझेशन (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजनं चार्ज करणं) बंद. उन्हाळ्यात ती टिनाखाली ठेवू नका. बहुतेक सेलना ४५ अंशांच्या वर चार्जिंग चालत नाही आणि मे महिन्यात तुमच्या खोपडीत ४५ हे सकाळचं तापमान असेल.

मोठं पॅनल नको. रविवारच्या नेटचे (ठरलेल्या वेळी सगळे एका फ्रिक्वेन्सीवर जमतात ते) दोन तास धरा. ऐकण्यात अडीच एएच, २५ वॅटनं वीसेक मिनिटं बोलण्यात दोन, म्हणजे पाचच्या आत. तुमचं ४० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दोन-सव्वादोन अँपिअर देतं, धूळ आणि कंट्रोलर धरूनही दिवसाला आठेक एएच मिळतील. फक्त ते टिनावर आडवं पडलेलं असेल तर उचला. हिवाळ्यात दक्षिणेला तोंड करून ३५ अंशांच्या आसपास, आणि सकाळी मोहाची सावली पडते का बघा. एका कोपऱ्यावर सावली आली तरी अर्ध्याहून जास्त करंट जातो.

---

नागपूरी_अँटेना
बुधवार, संध्याकाळी ७:०५

एवढा उपद्व्याप कशाला? तयार पॉवर स्टेशन मिळते, ३०० वॅट-अवरचं. सूटकेससारखं उचला, सेट लावा. मी फुटाळा तलावावर नेतो तेव्हा कामच झालं. नाहीतर छोटं इन्व्हर्टर जनरेटर.

---

रिवाइंडिंगवाले
बुधवार, संध्याकाळी ७:४०

फुटाळ्यावर सेट कोणता, तो हातातला, कमी पल्ल्याचा व्हीएचएफ? तो कशावरही चालतो हो. या डब्यांचं १२ व्होल्टचं सॉकेट सहसा १० अँपिअरवर अडतं. मग लोक २३० व्होल्टवर जातात, त्यावर पुन्हा एसएमपीएस लावून १३.८ करतात. डीसीचं एसी, एसीचं डीसी, दोनदा दलाली, आणि दोन्ही दलाल एचएफवर (४० मीटर त्यातच आला) कलकलाट करतात. २५ वॅटवर १२चं सॉकेट कदाचित पुरेल, पण त्या किमतीत ताईंनी सांगितलेल्या दोन बॅटऱ्या येतात.

जनरेटर वाईट नाही. दोन-तीन दिवस ढग असले, चार सेट चालवायचे असले तर तोच. पण एका माणसाला दोन तासांसाठी पेट्रोल, आवाज, धूर?

---

जुना_खांब
बुधवार, रात्री ८:३०

जनरेटरच्या आवाजानं डुकरं पळतीन, हा एक फायदा हाय. किल्लारीचा भूकंप झाला १९९३ ले, तवा हॅम लोकं मदतीले गेलते. तशा टायमाले जनरेटर पायजेच. जागलीले नाई.

---

पऱ्हाटीवाला
सोमवार, रात्री ८:१५ (बारा दिवसांनी)

मंडळी, हिशेब देतो.

वायर त्याच आठवड्यात बदलली. यवतमाळहून ६ चौरसची आणली, पंपाची बॅटरी मचानावर सेटच्या बाजूला ठेवली, पावर २५वर आणली. सेट बंद पडणं थांबलं! मीटर सेटच्या टोकाला लावून "आऽऽ" म्हटलं तर आकडा १२वर यायचा आणि दर मिनिटाला थोडा थोडा खाली. म्हणजे नवी बॅटरी न घेताही दहा मिनिटं बोलता येत होतं. आधी हे करायला सांगितलं हे बरं झालं, नाहीतर मी १५०० वॅटचं जनरेटर घेऊन त्याला १.५ची वायर जोडली असती.

मग कापूस दिला आणि २० एएच लिथियम घेतली, बीएमएस ३०चा. घरातून मोटरसायकलवर डब्याच्या थैलीत नेली, कोणाला कळलंसुद्धा नाही. ऐकताना सेटपाशी १३.२. २५ वॅटवर बोलताना १२.९. गंमत म्हणून एकदा १०० केलं, १२.५, सेट ढिम्म हलला नाही. काका, लगेच परत २५ केलं.

कंट्रोलरचा घूंऽऽ पॅनलची वायर काढली की जातो, आता मध्ये स्विच लावला आहे. फेराइट अजून आणलं नाही. पॅनल आडवंच होतं, खाली दोन विटा आणि एक पळसाचा दांडा देऊन उचललं. दुपारच्या करंटमध्ये सरळ फरक दिसला.

झटक्याचं सांगायचं राहिलं. बाबांचा ट्रान्झिस्टर काढला, सेल टाकले, रात्री अकरा वाजता धुऱ्यानं निघालो. पूर्वेच्या धुऱ्यावर टक-टक बारीक, दक्षिणेला तशीच, पश्चिमेला नाल्याच्या अंगानं वळलो तसा ट्रान्झिस्टर थाडथाड करू लागला. टॉर्च विझवली. आधी काहीच दिसलं नाही. डोळे अंधाराला सरावले तेव्हा पळसाची एक फांदी तारेवर टेकलेली दिसली, आणि पानाच्या देठापाशी सेकंदाला एकदा मोहरीएवढी निळी ठिणगी. ट्रान्झिस्टरमधली टक आणि ती ठिणगी एकाच वेळी. मी पाच मिनिटं नुसता बघत उभा होतो. मग परत जाऊन मशीन बंद केली, फांदी तोडली. पुढं एक जोड नुसता मुरगाळलेला होता, तो नीट केला. टक एस७वरून एस३वर आली. एनबी दाबलं की तीही जवळजवळ गेली.

काल रविवार, सकाळचं नेट. म्हटलं पहिल्यांदा मचानावरून नेटवर जात आहो, तर बँड चकचकीत पाहिजे, ती एस३ची टकसुद्धा नको. म्हणून झटका मशीन पाऊण तास बंद ठेवली. हैदराबादच्या स्टेशननं ५७ दिला, नागपूरनं ५८, रायपूरनंही ऐकलं. मी माइक हातात घेऊन बॅटरीचं वर्णन करत होतो, २० एएच, ३० अँपिअर वगैरे, आणि समोर बघतो तर नाल्याच्या बाजूनं पाच रोही तुरीत उभे. आरामात, तुरीची शेंडी खात.

पीटीटी दाबलेली होती. मी ओरडलो, "हाऽऽड! हाड तुमच्या...!" पुढचं इथं लिहीत नाही, पण नेटवर गेलं. अंगठा सुटेपर्यंत सगळं गेलं. नेट कंट्रोल (नेट चालवणारे) दोन सेकंद गप्प, मग म्हणतात, "तुमचं शेवटचं ट्रान्समिशन कृपया रिपीट करा."

दीड तास तुरीत गेला. एका कोपऱ्यात पन्नासेक झाडांचे शेंडे नाहीत.

---

जुना_खांब
सोमवार, रात्री ८:४०

मी ऐकून राह्यलो होतो. बॅटरीचं वर्णन ५७ होतं. "हाड" ५९ आला.